ब्रँड बदलला की साइज बदलते: तयार कपडे मापात घेण्याची पद्धत

एका ब्रँडचा ‘एम’ छातीला तंग होतो आणि दुसऱ्याच्या ‘एम’मध्ये अंग हरवून जातं. मग पुढच्या वेळी आपण अंदाजाने एक साइज वर किंवा खाली घेतो आणि तिसऱ्याच ब्रँडमध्ये पुन्हा फसतो. खाली दिलेली पद्धत या अंदाजपंच्याला पर्याय आहे. पहिल्यांदा तासभर लागेल. त्यानंतर प्रत्येक खरेदीला पाच मिनिटं पुरतात.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आधी साइज ठरलेली असते (“मला एलच लागतो”), मग मापांच्या तक्त्यावर ओझरती नजर जाते आणि मोजपट्टी निघते ती कपडा परत करायची वेळ आल्यावर. इथे उलटं करायचं आहे: आधी कपाटातला एक कपडा मोजायचा, मग अंग, मग तक्ता वाचायचा. साइजचं नाव शेवटी, तेही फक्त मागवताना लागतं म्हणून.

## आकडे का जुळत नाहीत, एवढंच आधी

प्रत्येक ब्रँड आपल्या मनातल्या ग्राहकाच्या बांध्याचा एक माणूस निवडतो, त्याच्या अंगावर एक मूळ साइज बसवतो आणि त्यातून बाकीच्या साइज वर-खाली वाढवत-घटवत काढतो. तो माणूस रुंद खांद्यांचा असेल तर त्या ब्रँडचे सगळे शर्ट रुंद खांद्यांचे. त्यात ग्राहकाला बरं वाटावं म्हणून मोठ्या कपड्यावर छोटा आकडा लावण्याची सवय अनेकांना आहे. शिवाय कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून ते एकदम कापतात, त्यात वरचा आणि खालचा थर किंचित वेगळा निघतो. घेराच्या मापात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक चालवूनही घेतला जातो. एक नग वरच्या टोकाला आणि दुसरा खालच्या टोकाला असला, तर एकाच साइजच्या दोन कपड्यांत दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर सहज पडतं.

प्रमाण ठरवणारे नियम नाहीत असं नाही. अंगाची मापं कुठे आणि कशी घ्यायची हे सांगणारं आयएसओ ८५५९ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, युरोपचं ईएन १३४०२ आहे. पण ते पाळणं ऐच्छिक आहे. अमेरिकेने तर १९५८ साली स्त्रियांच्या कपड्यांसाठी केलेलं प्रमाण १९८३ साली मागे घेतलं. तेव्हा वाट बघण्यात अर्थ नाही, मोजपट्टी काढा.

## १. मोजपट्टी तपासा

कापडी किंवा स्वस्त प्लास्टिकची जुनी पट्टी वापरून वापरून ताणली जाते. ती स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवा आणि ३० सेंटिमीटरची खूण ३० वरच येते का ते पाहा. मग तिचा मधला भागही तसाच तपासा, कारण घेर मोजताना तोच वापरला जातो. फरक दिसला तर नवी घ्या, शक्यतो फायबरग्लासची.

वही, पेन, सपाट टेबल किंवा फरशी. गादीवर मोजू नका, कपडा दबतो आणि माप चुकतं.

इशारा: सुरुवातीलाच ठरवा, सेंटिमीटर की इंच. अर्धी मापं यात आणि अर्धी त्यात लिहिली की महिन्याभराने आपलीच वही आपल्याला कळत नाही. १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. मी सेंटिमीटर वापरतो, कारण पाव-पाऊण इंचाच्या भानगडीत चुका फार होतात.

## २. नमुन्याचा कपडा निवडा

या पद्धतीचा कणा हाच आहे. कपाटातला असा एक शर्ट आणि अशी एक पँट काढा की जे घातल्यावर दिवसभर त्यांची आठवणही होत नाही. ओढावं लागत नाही, खाली सरकत नाही, बसल्यावर टोचत नाही. त्यावर कोणत्या साइजचं लेबल आहे याकडे बघू नका.

नमुना कसा असावा:

- निदान चार-पाच वेळा धुतलेला. नवा कपडा अजून आटायचा असतो, म्हणून त्याचं माप खोटं.
- गेल्या वर्षभरात तुम्ही खरोखर वापरलेला. “बारीक झालो की घालीन” म्हणून ठेवलेली जीन्स नमुना होऊ शकत नाही.
- जो घ्यायचा आहे त्याच जातीचा. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं, शर्टाचं ताणत नाही. टी-शर्टच्या मापावरून शर्ट घेतला की पाठीवर ताण येणार. ताणणाऱ्या जीन्सवरून साधी सुती पँट घेतली तरी हीच गत.

तपासा: कपडा घालून खाली बसा, हात डोक्यावर न्या, वाकून चप्पल घातल्यासारखं करा. कुठेही ओढ जाणवली तर नमुना बदला. हजारदा घातलेला कपडा मापात असतोच असं नाही, कधीकधी आपल्याला त्याची नुसती सवय झालेली असते.

## ३. कपडा सपाट ठेवून मोजा

कपडा धुऊन वाळवलेला असावा, लागल्यास इस्त्री करा. बटणं आणि चेन लावा. हाताने सुरकुत्या सारख्या करा, पण ताणू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: माप ‘थोडं पुरं व्हावं’ म्हणून नकळत हात कापड ओढतो.

शर्ट किंवा टॉप

छाती: काखेच्या शिवणीपासून अडीच सेंटिमीटर खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. समजा ५३ आलं, तर पूर्ण घेर १०६. वहीत दोन्ही आकडे लिहा, कारण काही तक्ते अर्धं माप देतात, काही पूर्ण. काही ब्रँड अगदी काखेच्या टोकालाच मोजतात, तिथे आकडा थोडा वेगळा दिसेल.

खांदा: पाठीकडून, एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंत.

बाही: खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. इथे एक खोडा आहे. फॉर्मल शर्टांत बाही बऱ्याचदा मानेच्या मागच्या मध्यापासून मोजतात. त्यामुळे तुमच्या वहीत ६२ आणि तक्त्यात ८४ दिसलं तर घाबरू नका. ६२ मध्ये खांद्याच्या मापाचा निम्मा भाग मिळवा (खांदा ४५ असेल तर २२.५), हिशेब जुळतो.

उंची: पाठीकडून, कॉलर जिथे जोडली आहे तिथून खालच्या कडेपर्यंत.

मुंढा: खांद्याच्या टोकापासून काखेपर्यंत सरळ रेषेत. तक्त्यात हे माप क्वचित असतं, पण आपल्या वहीत ठेवा. छाती बरोबर असूनही हात वर केल्यावर अख्खा शर्ट वर येतो, तेव्हा दोष बहुधा मुंढ्याचा असतो.

कॉलर: उघडून सपाट करा, बटणाच्या मध्यापासून काजाच्या पलीकडच्या टोकापर्यंत. साडेपंधरा इंचाची कॉलर सेंटिमीटरमध्ये ३९ म्हणून विकली जाते.

पँट किंवा जीन्स

कंबर: पँटच्या वरच्या शिवलेल्या पट्ट्याच्या पुढच्या आणि मागच्या कडा एकमेकींवर आणून मोजा, मग दुप्पट करा. पाठीकडचा पट्टा मुळात उंच कापलेला असतो. तो तसाच राहू दिला तर माप वाकडं येतं.

इथे एक धक्का बसू शकतो. लेबलवर ३२ म्हणजे ८१ सेंटिमीटर, आणि तुमची पट्टी मात्र ८६ दाखवते, म्हणजे जवळजवळ ३४ इंच. यात ग्राहकाला खूश करण्याचा भाग असतोच, पण सगळा फरक तेवढ्यानेच पडत नाही. जी पँट कमरेच्या खाली बसते तिचा पट्टा नितंबांकडे सरकलेला असतो, तिथे अंगच रुंद असतं. म्हणूनच कंबर आणि पुढच्या आसनाचं माप नेहमी जोडीने वाचायचं.

पुढचं आसन: जिथे चारही शिवणी एकत्र येतात त्या बिंदूपासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत. दोन पँटींची कंबर सारखीच, पण आसन एकीचं २४ आणि दुसरीचं २९ असेल, तर त्या अंगावर दोन वेगळ्या ठिकाणी बसतील. एक चालेल, दुसरी चालणार नाही.

सीट, म्हणजे नितंबांवर येणारा भाग, सगळ्यात रुंद जागी मोजा. मांडी शिवणींच्या त्या बिंदूपासून अडीच सेंटिमीटर खाली. आतली लांबी त्याच बिंदूपासून पायाच्या टोकापर्यंत. शेवटी मोहरी, म्हणजे पायाच्या टोकाची रुंदी.

तपासा: प्रत्येक माप दोनदा घ्या. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

## ४. आता अंग मोजा

नमुन्याची मापं हाती असली तरी अंगाची लागतात, कारण कित्येक ब्रँड फक्त अंगाच्या मापांचा तक्ता देतात.

पातळ कपड्यावर मोजा. पट्टी जमिनीला समांतर ठेवा, अंगाला टेकवा पण रुतवू नका. आरशासमोर उभं राहिलं तर पाठीमागे पट्टी घसरली का ते दिसतं, नाहीतर कोणाची तरी मदत घ्या. छाती सगळ्यात भरलेल्या भागावर. कंबर म्हणजे बाजूला झुकल्यावर जिथे घडी पडते ती जागा, पँटचा पट्टा जिथे बसतो ती नव्हे. नितंब सगळ्यात रुंद जागी, पाय जुळवून.

श्वास नेहमीसारखा घ्या. पोट आत घेऊन मोजलेली कंबर फक्त मोजताना तेवढी असते. सकाळी आणि जेवणानंतर कमरेत फरक पडतो, म्हणून दिवसाच्या मधल्या वेळी मोजलेलं बरं.

## ५. तक्ता अंगाचा की कपड्याचा, हे ओळखा

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच.

मापांचे तक्ते दोन प्रकारचे. एकात लिहिलेलं असतं की अमुक छातीच्या *माणसाने* ही साइज घ्यावी. दुसऱ्यात, शिवलेल्या *कपड्याची* छाती किती. दोन्हींवर नुसतं ‘छाती’ छापलेलं असतं. तुमची छाती ९६ आहे आणि कपड्याच्या तक्त्यात ९६ शोधून तुम्ही शर्ट मागवला, तर बटणं लागली तरी श्वास घेता येणार नाही. उलट, नमुन्याच्या शर्टाचं १०६ अंगाच्या तक्त्यात शोधलं तर एक-दोन साइज मोठा शर्ट येईल.

ओळखायचं कसं?

- खांदा, बाही, कपड्याची उंची, मोहरी अशी मापं दिली असतील तर तक्ता कपड्याचा.
- छाती, कंबर, नितंब एवढंच असेल आणि मापं ‘९४ ते १०२’ अशी पल्ल्यात असतील तर बहुधा अंगाचा.
- छाती ५० च्या आसपास असेल तर कपड्याची सपाट, अर्धी मोजलेली.
- तरीही कळलं नाही तर विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: “हा कपडा टेबलावर सपाट ठेवला तर काखेपासून काखेपर्यंत किती भरतो?” उत्तर मिळालं की काम झालं.

कपड्याचा तक्ता असेल तर नमुन्याच्या मापांशी ताडा. अंगाचा असेल तर अंगाच्या. या दोन रांगा एकमेकींत मिसळायच्या नाहीत. मी वहीत त्या वेगवेगळ्या पानांवर ठेवल्या आहेत, एकाच पानावर होत्या तेव्हा दोनदा घोटाळा झाला.

इशारा: अक्षरी साइजचा पल्ला मोठा असतो. युरोपीय प्रमाणात पुरुषांचा एम छाती ९४ ते १०२ साठी आहे. ९५ छातीच्या माणसाला तो सैल आणि १०१ च्या माणसाला अंगाबरोबर बसेल, आणि दोघेही प्रतिसादात लिहितील “साइज अगदी बरोबर आहे”. म्हणून लिहिणाऱ्याने स्वतःचं माप दिलं नसेल तर तो प्रतिसाद सोडून द्या. फोटोतल्या मॉडेलची उंची आणि त्याने घातलेली साइज दिली असेल, तर ती मात्र कामाची. कपडा मांडीवर कुठे येतो हे त्यावरून कळतं.

## ६. सैलपणाचा हिशेब करा

कपड्याचं माप वजा अंगाचं माप, म्हणजे सैलपणा. वरच्या उदाहरणात १०६ वजा ९६, म्हणजे १०. तुम्हाला सुखाचा वाटणारा तो आकडा. तोच जपायचा.

ढोबळ अंदाज असा: न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीत ६ ते १० सेंटिमीटर असले तर अंगाबरोबर, १० ते १५ म्हणजे नेहमीचा, त्यापुढे ढगळ. आतून स्वेटर घालायचा असेल अशा कोटाला १५ च्या वर हवेत. होजिअरीच्या टी-शर्टला दोन-चारही चालतात. ताणणाऱ्या जीन्सचं माप तर सीटमध्ये अंगापेक्षा कमीही असू शकतं, ती थोड्या वापराने सैल पडते. म्हणून ती घेताना घट्टसर घ्यावी, पण चेन लावायला झोपावं लागेल इतकी नाही.

मग आटणं. आधी न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ७० सेंटिमीटर उंचीचा शर्ट ५ टक्के आटला तर साडेतीन सेंटिमीटर गेले. छातीच्या १०६ मधून ३ टक्के गेले तर तुमचा दहाचा सैलपणा सातवर आला. लेबलवर कापड आधीच आटवलेलं असल्याचं म्हटलेलं नसेल आणि ते शुद्ध सुती असेल, तर तेवढी जागा धरूनच घ्या. पॉलिएस्टरला ही चिंता जवळजवळ नाही.

## ७. परदेशी आकडे वाचताना

एकाच स्त्रीचा ड्रेस ब्रिटनमध्ये १२, अमेरिकेत ८, जर्मनीत ३८, फ्रान्समध्ये ४० आणि इटलीत ४४ असू शकतो. ‘युरोपीय ४०’ एवढ्यावर म्हणूनच विसंबू नका, कोणत्या देशाचा ब्रँड ते पाहा.

पुरुषांच्या कोटाचं सोपं आहे. युरोपीय आकडा म्हणजे छातीचे निम्मे सेंटिमीटर: छाती १००, कोट ५०. ब्रिटिश-अमेरिकी आकडा थेट इंचात, त्यात १० मिळवले की युरोपीय मिळतो.

चिनी लेबलवर ‘१७०/९२ए’ असं काही दिसलं तर ते गोंधळाचं वाटतं, पण सगळ्यात प्रामाणिक तेच. १७० ही अंगाची उंची, ९२ ही अंगाची छाती, आणि अक्षर छाती-कमरेतल्या फरकाचं. वाय म्हणजे फरक मोठा, मग ए, बी, आणि सी म्हणजे सगळ्यात कमी.

मुलांच्या कपड्यांत ‘४ ते ५ वर्षं’ हे लेबल पूर्ण दुर्लक्षित करा. युरोपीय १०४, ११०, ११६ हे आकडे मुलाच्या उंचीचे सेंटिमीटर आहेत. भिंतीला उभं करून उंची मोजा आणि त्यावरून घ्या.

## ८. दोन साइजच्या मधे अडकलात तर

कपड्यातली जी जागा नंतर दुरुस्त करता येत नाही, ती ज्या साइजमध्ये बसते ती साइज घ्या.

शिंप्याकडे सहज होणारं: पँटची लांबी कमी करणं, कमरेत थोडं आत घेणं, शर्टाच्या बाजू आत घेणं, साध्या बाहीची लांबी घटवणं. अवघड किंवा न परवडणारं: खांदा, मुंढा, आसन. आणि मोठं करणं हे तर शिवणीच्या आत किती कापड सोडलंय त्यावर, तयार कपड्यात ते फारसं नसतंच.

म्हणजे शर्टाला खांदा बघून साइज ठरवा, पँटला सीट आणि आसन बघून. कमरेला दोन सेंटिमीटर सैल असलेली पँट चालते. आसनात अपुरी पँट कोणीही वाचवू शकत नाही.

## ९. कपडा आला: लेबल काढण्याआधी

घालून बघण्याआधी मोजा. घालून बघितलं की आपण स्वतःची समजूत काढायला लागतो.

काळ्या पँटचा माझा अनुभव सांगतो. एकाच ब्रँडच्या, एकाच साइजच्या दोन पँट घेतल्या, एक निळी आणि एक काळी. निळी व्यवस्थित बसली, काळीचं बटण लागेना. आठवडाभर मी पोटाला दोष दिला. शेवटी दोन्ही टेबलावर ठेवल्या, तर काळीची कंबर अडीच सेंटिमीटर कमी! रंगवण्याची आणि धुण्याची प्रक्रिया वेगळी असली की कापड वेगळं आटतं, शिवाय दोन रंग एकाच वेळी कापलेले असतातच असं नाही. तोपर्यंत परत करायची मुदत टळली होती. तेव्हापासून ‘तोच कपडा, दुसरा रंग’ हीसुद्धा मी नवी खरेदी धरतो.

मापं जुळली तर घाला आणि पाहा:

- शर्टाची बटणं लावून हात पुढे जोडा. बटणांच्या मधे फट पडते का?
- खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर येते की दंडावर घसरते?
- पँटचे खिसे उभ्यानेच उघडतात का? उघडत असतील तर सीट कमी आहे, कंबर नव्हे.
- दोन मिनिटं खुर्चीत बसा. मागे पट्टा पाठीपासून सुटतो का, पुढे पोटात रुततो का?
- आरशात आडव्या सुरकुत्या दिसल्या तर तिथे कापड अपुरं आहे. उभ्या लोंबत्या घड्या दिसल्या तर जास्त.

इशारा: “धुतला की सैल होईल” आणि “धुतला की आटेल” या दोन्ही आशांवर कपडा ठेवून घेऊ नका. परत करायच्या मुदतीची तारीख वहीत लिहा, पावती सापडेल अशा जागी ठेवा आणि निर्णय होईपर्यंत कपडा धुऊ नका.

## १०. नोंद

कपडा ठेवून घेतलात तर ब्रँड, कपड्याचं नाव, साइज, कापड आणि तुम्ही स्वतः मोजलेली मापं लिहा. तीन-चार वेळा धुतल्यावर पुन्हा मोजून शेजारी दुसरा आकडा टाका. तो ब्रँड किती आटतो हे कोणत्याच तक्त्यात मिळत नाही, ते या रांगेत मिळतं.

नोंद असली तरी त्याच ब्रँडचं आंधळेपणाने मागवू नका, ब्रँड मधेच आपली मापं बदलतात. तक्ता दरवेळी वहीशी ताडा. अंगाची मापं सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, वजन चार-पाच किलोंनी बदललं असेल तर लगेच. आणि नमुन्याचा शर्ट विरला की तो टाकण्याआधी त्याच्या जागी कोणता येणार ते ठरवून, मोजून, वहीत उतरवून ठेवा.